भिंतीपलीकडचा आड

सकाळचं ऊन ओसरीवर उतरलं तेव्हा मी माळवदावर उकिडवी बसून बादलीच्या कडीला दोर बांधत होते, आणि खालून दिगू विचारत होता, "आई, म्हातारी खरंच वर चढंल का?"

"चढवीन मी," म्हटलं. "तू टोपी सरळ कर. आणि पाव्हण्यांसमोर दात काढू नकोस, एक पडलाय तो दिसतो."

दिगू म्हणजे दिगंबर, माझा एकुलता एक. त्या दिवशी माळेवाडीच्या बाबारावांकडची माणसं त्यांच्या शकुंतलेसाठी आमचं घर बघायला येणार होती. दिगूनं या मुलीला एका लग्नात पंगत वाढताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचं भाकरीवर मन नव्हतं. तोंडानं काही बोलला नाही. पण कुणी न सांगता रोज गोठा झाडायला लागला, तेव्हा मी काय ते ओळखलं. पोटचं पोर इतकं गुणी झालं की समजावं, त्याचं काहीतरी अडलंय.

आणि अडण्यासारखंच होतं. आधी दोन स्थळं आमच्या दारात येऊन गेली होती. दोन्ही मंडळींनी दाराचं कौतुक केलं, चहा प्यायला, आडाची चौकशी केली, आणि गेल्यावर निरोपसुद्धा धाडला नाही.

आता हे कळायला घर कळलं पाहिजे.

आमची हिंगणदरी म्हणजे साठएक उंबऱ्यांचं गाव. तिथं घराला नंबर नव्हते, नावं होती. उंच ओट्याचं घर, चिंचेखालचं घर, पाटलाची गढी. सुतारांच्या घराच्या खांबावर पोपट कोरलेले, म्हणून ते पोपटाचं घर. तिथल्या सुनांनाही लोक पोपटाच्या सुना म्हणत, आणि त्या तशाच होत्या. आमचं आडाचं घर. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी आधी आड खणला, पाणी लागलं तेव्हा त्याच्याभोवती चौक धरला, आणि चौकाभोवती घर उभं केलं. पांढऱ्या मातीच्या भिंती इतक्या रुंद की त्यातूनच माळवदावर जायचा जिना काढलेला. माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत, सागाच्या तुळयांवर पेललेलं. उन्हाळ्यात आत गेलं की कपाळावर कुणी ओला हात ठेवल्यासारखं वाटायचं.

आणि दार. निजामाच्या राज्यात कुणा जहागीरदाराची हवेली मोडली, तेव्हा चार बैल जुंपून आणलेलं दार. सागवानी, पितळी फुलांचं. लावायला दोन गडी लागत. त्या दारातून मी नवरी म्हणून आत आले तेव्हा माझी मान वर गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. असं सासूबाई म्हणायच्या. त्यांना कौतुक करायचं नसायचं.

सासरे गेले आणि वर्षाच्या आत मी आणि माझी धाकटी जाऊ कुशावर्ता वेगळ्या झालो. कशावरून, ते मला चांगलं आठवतंय, पण सांगण्यासारखं नाही. तिलाही आठवत असेल आणि तीही सांगत नाही, एवढं शहाणपण तिच्यात आहे. पंच बसले. ओसरीच्या मधोमध भिंत घातली. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला चौक आणि आड. थोरली म्हणून मला म्हणाले, प्रयागबाई, आधी तुम्ही निवडा.

मी दार निवडलं.

गाव हसलं. पण माझा हिशेब साधा होता. पाणी काय, शेजारी शेजाऱ्याला देतोच. दार कोण देतं? कुशा सकाळी भिंतीपलीकडून हाक मारील, आक्का, पाणी न्या. मग मी म्हणेन, तू दारातून ये-जा कर. नुसती तिनं आधी हाक मारायची होती. ती तिकडं बसली माझ्या हाकेची वाट बघत, की आक्का म्हणतील दारातून ये, मग मी म्हणेन पाणी न्या. आम्ही दोघीही वाट बघत बसलो. पंधरवडा झाला तेव्हा तिनं तिच्या अंगाच्या गोठ्याची मागची भिंत फोडून वाट पाडली. मी घागर उचलली आणि मारुतीच्या पाराजवळच्या हापशावर गेले. त्याला त्या वर्षी नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं ती शेणाच्या वाटेनं घरात जात होती आणि मी गावभर घागरी मिरवत होते, आणि एकमेकींशी अक्षर बोललो नव्हतो.

आमचे मालक आणि धाकटे सोपानराव मात्र रानात एकाच बांधावर बसून भाकरी खायचे. त्यांना वाटायचं आम्हाला माहीत नाही. आमच्या मालकांच्या फडक्याला कुशाच्या हातच्या लसणाच्या चटणीचा वास यायचा आणि मी ते काही न बोलता धुऊन टाकायची.

भिंत खाली होती, पण माळवदावर नव्हती. तुळयांना तेवढा भार सोसला नसता, म्हणून पंचांनी वर नुसती दगडांची ओळ मांडली होती. आणि चौकाच्या कडेला, बरोबर आडावर, सासऱ्यांनी एक कप्पी बसवली होती. माळवदाची माती भिजवायला पाणी वरून ओढता यावं म्हणून. ती कप्पी दगडांच्या ओळीच्या माझ्या अंगाला होती. दोन हातांनी का होईना, पण माझ्या अंगाला.

आमच्या भागातली रीत अशी, की मुलीकडचं जाणतं माणूस घर बघायला आलं की आधी आडाचं पाणी आपल्या हातानं ओढतं आणि पितं. गोड लागलं तर पुढचं बोलणं. माळेवाडी तर तहानलेलं गाव. तिथल्या बायकांचा जन्म घागरीखाली गेलेला. दत्तू शिंप्यानं स्थळ आणलं तेव्हाच बजावलं होतं, की मुलीचा बाप गरीब आहे, पण आजी येणार आहे. मी त्याला म्हटलं, आमच्या घराचं नाव काय आहे ते गावात कुणालाही विचार. यात मी खोटं काय बोलले?

कुशा त्या दिवसांत ज्वारीच्या काढणीला रोज रानात जायची. चौक रिकामा असणार, म्हणून मी सकाळी वरून डोकावलेसुद्धा नाही. म्हातारीला वर न्यायचं, गाव दाखवायचं, वरूनच बादली सोडायची, पाणी पाजायचं आणि खाली आणायचं. भिंतीचं नाव निघायचंच नाही.

पाहुणे उन्हं तापायच्या आत आले. दत्तू पुढं, मागं बाबाराव, आणि त्यांच्या मागं चांगुणाआजी. लहानखुरी, काळी, हनुवटीवर गोंदण, आणि डोळे असे की एकदा बघितलं की आपल्याला वाटावं पदर सरकलाय. दारापाशी थांबली. मी वाट बघत राहिले, आता फुलांवरून हात फिरवील. सगळेच फिरवतात.

"दार चांगलं हाय," म्हणाली. "पण दार काय प्यायचं असतंय?"

तेव्हाच मला कळलं, ही बाई माझ्या तोडीची आहे.

मी गूळ-पाणी दिलं. रांजण आदल्या दिवशी दिगूनं गाडीवरून पिंपं आणून काठोकाठ भरून ठेवला होता. आजीनं तांब्या हातात घेतला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाली, साठवणीचं दिसतंय, आडाचं बघू. मी म्हटलं, बघू की, पण आधी वर चला, रान दाखवते, आमच्याकडं पाहुण्यांना आधी माळवदावर नेतात. अशी काही रीत नव्हती. दत्तू शिंपी माझ्याकडं बघायला लागला, तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला.

बाबाराव जिन्यात तीनदा थांबले. देह मोठा होता बिचाऱ्यांचा, आणि आमच्या भिंतीतला जिना बारीक. आजी मात्र शेळीसारखी वर गेली.

वर आलं की सगळी हिंगणदरी हातावर घेतल्यासारखी दिसायची. छतं एकमेकांना चिकटलेली, पांढरी, त्यावर कुणाच्या मिरच्या, कुणाच्या सांडग्या-पापडांची फडकी. मी बोलत सुटले. ते बघा चिंचेखालचं घर, दोन वेळा जळालं आणि दोन्ही वेळा त्याच जागी उठलं. ते उंच ओट्याचं. पूर येईल म्हणून ओटा उंच केला आणि तेव्हापासून ओढ्याला पूरच आला नाही. पलीकडं आमचं काळं रान, ओढ्यापासून त्या बाभळींपर्यंत, टाळी वाजवली की माणसं उठावीत तशी ज्वारी उभी राहते. अर्धं दिराचं, हे मी सांगितलं नाही. बाभळी तर सगळ्या आमच्याच वाट्याच्या होत्या.

आजी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गाव बघितलं. रान बघितलं. बाई, आता पाणी."

"हे काय, इथंच," मी म्हटलं. "आमचा आड वरूनही ओढता येतो. खाली वाकायला नको, घोटे दुखायला नकोत. सासऱ्यांची कल्पना."

बाबाराव खूश झाले. लेकीला वाकायला लागणार नाही, असं म्हणाले. मी दोर कप्पीवर घातला आणि बादली सोडली. कप्पी नऊ वर्षांत फिरली नव्हती. अशी ओरडली की पोपटाच्या घरातून दोन बायका बाहेर येऊन वर बघायला लागल्या. बादली चौकात उतरली, आडाच्या तोंडाशी गेली.

आणि तिथंच थांबली.

मी दोर ढिला सोडला. बादली हलेना. वर ओढला. वरही येईना. मी काठावरून खाली वाकून बघितलं. खाली कुशा उभी होती. धुतलेलं लुगडं नेसून, एका हातानं बादलीची कडी धरून, माझ्याकडं न बघता, जणू रोज सकाळी या वेळेला आकाशातून बादली येते आणि ती धरायची असते.

मी ओढलं. तिनं धरलं. मी जरा जोर लावून ओढलं. तिनं दुसरा हातही लावला. बाबारावांनी विचारलं, अडकली का कुठं? मी म्हटलं, आड जुना आहे, कधी कधी अडकते. ओढून ओढून माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. त्या बाईच्या अंगात एवढं बळ कुठून आलं होतं कोण जाणे. माझ्या घरात होती तोवर पाटा उचलायलाही सोपानरावांना हाक मारायची.

मग आजी काठाशी आली आणि माझ्या शेजारी वाकून खाली बघायला लागली. आता काही झाकायचं राहिलं नाही. मागं जिन्याच्या तोंडाशी दिगू उभा होता. त्याचं तोंड मी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

नऊ वर्षं जे शब्द घशात धरले होते ते सोडायला लागणार होते, आणि तेही पोपटाच्या बायकांसमोर.

"कुशे," मी म्हटलं. "बादली सोड."

तिनं वर बघितलं. सावकाश. डोळ्यांवर हात धरला.

"कोण बोलतंय वरनं?"

"मी."

"मी म्हंजे कोण? ऊन डोळ्यावर येतंय, दिसंना."

"थोरली."

"कुणाची थोरली?"

हिचा गळा दाबावा असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिचा आवाज ऐकून बरंही वाटलं. "तुझी," मी म्हटलं. "तुझी थोरली जाऊ. प्रयाग. आता सोड."

"असं व्हय," ती म्हणाली. पण कडी सोडली नाही. "आक्का, पाव्हण्यांला वरनं पानी पाजायचं म्हंजे ते काय हत्ती हायत का? या घरात असलं कधी झालं न्हाई. खाली आणा त्यांना."

खाली आणा म्हणायला तिचं काय जात होतं. माझ्या घरातून तिच्या चौकात जायला वाट नव्हती. एकच वाट होती, गल्लीला वळसा घालून, गोठ्याच्या फोडलेल्या भिंतीतून. मी, आडाच्या घरातली थोरली सून, पितळी फुलांच्या दारातून बाहेर पडून पाहुण्यांना घेऊन शेणाच्या वाटेनं जाणार होते. मी एकदा आजीकडं बघितलं. ती जिन्याकडं निघालीसुद्धा होती.

गल्लीतून आम्ही एकामागं एक निघालो. दत्तू शिंपी मागं रेंगाळायला लागला होता. त्याला वाटलं, स्थळ मोडलंय तर आपण घरी जावं. दिगूनं त्याचा हात धरून त्याला ओढत आणलं. गोठ्याची ती वाट इतकी ठेंगणी होती की बाबारावांना आडवं व्हायची वेळ आली. मला तर कंबरेत वाकावं लागलं. पलीकडं गेल्यावर सरळ झाले, आणि चौक बघितला.

चौक त्याच सकाळी सारवलेला होता, अजून ओलसर होता. आडाच्या काठाला चुना लावलेला. काठाजवळ रांगोळी, आणि तिच्या मधोमध पाट. पाटावर पितळी घागर, चिंचेनं घासून सोन्यासारखी केलेली, शेजारी पाच तांबे. कुशा रानात गेलीच नव्हती. ती सकाळपासून इथं पाहुण्यांची वाट बघत बसली होती. माझे पाहुणे. माझ्या मालकांनी बांधावर चटणी खाताना सांगितलं असणार, दुसरं कोण?

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "बसा," आणि ते मला नव्हतं, आजीला होतं.

आजी बसली नाही. पदर खोचला, बादली आडात सोडली, आणि हातावर हात टाकत ओढायला लागली. कुणी मदतीला गेलं तर कोपरानं बाजूला सारलं. पाणी वर आलं. ओंजळीत घेऊन प्यायली. तोंड पुसलं नाही, थेंब हनुवटीच्या गोंदणावरून ओघळत होते. दुसरी ओंजळ प्यायली. तिसरी डोळ्यांना लावली.

"गोड हाय," म्हणाली. मग घर बघावं तसं माझ्याकडं आणि कुशाकडं एकेक करून बघितलं. "आता मला सरळ सांगा. हा आड कुणाच्या वाट्याचा?"

"माझ्या," कुशा म्हणाली.

"आन् दार?"

"त्यांच्या."

"मला दाराशी काम न्हाई. माझी शकू सहा वर्षांची असल्यापासनं डोक्यावर पानी वाहती. तिच्या टाळूवरचे केस गेलेत. मी देवापुढं बोललीय, हिला आड असलेल्याच घरात द्यायची." तिनं कुशाकडं वळून विचारलं, "बाई, तुम्हाला लग्नाचा मुलगा हाय का?"

होता. श्रीमंत. दिगूपेक्षा दोन वर्षांनी धाकटा, अंगानं उजवा, सगळे दात असलेला. मॅट्रिक झालेला. तेव्हाच तो गोठ्यातून वैरण घेऊन चौकात आला आणि आपल्याकडं सगळे का बघताहेत ते न कळून तसाच पेंढी धरून उभा राहिला.

बाबारावांनी श्रीमंतला खालपासून वरपर्यंत बघितलं. दत्तू शिंप्याच्या तोंडावर तर उजेडच पडला. त्याला काय, लग्न कुणाचंही झालं तरी आहेर मिळणारच. दिगू खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरायला लागला होता. आणि मी, जिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही, ती रांगोळीकडं बघत राहिले. बोलणार काय? आड तिचा होता. मुलगा तिचा होता. वाटणी मीच निवडली होती. तिनं नुसतं हो म्हणायचं होतं; नऊ वर्षांच्या शेणाच्या वाटेची फेड एका शब्दात झाली असती, आणि मला तिला दोषसुद्धा देता आला नसता.

कुशानं घागर सरळ केली. ती सरळच होती.

"हाय की मुलगा," ती म्हणाली. "पर तो धाकटा हाय. या घरात थोरल्याच्या आधी धाकट्याचं कधी झालेलं न्हाई. आधी दिगूचं. मग श्रीमंतचं बघू."

"या घरात म्हंजे?" आजीनं विचारलं. "घरं तर दोन हायत."

"भिंत हाय ती ओसरीतली म्हंता व्हय? ती तर दिगूच्या लग्नाआधी काढायची ठरलीय. सुनेला आडावर याला वाट नको का? आक्कांनी मागंच सांगून ठिवलंय."

मी तिला नऊ वर्षांत काहीच सांगितलं नव्हतं, हे पोपटाच्या सुनांपासून मारुतीच्या पारापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

आजी माझ्याकडं वळली. "व्हय का, बाई?"

कुशा माझ्याकडं बघत नव्हती. तांबे मोजल्यासारखं करत होती.

"होय," मी म्हटलं. "मीच सांगितलंय. आता हिनं ऐकून इतके दिवस का लावले ते हिलाच विचारा."

कुशाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. आजीनं आम्हा दोघींकडं बराच वेळ बघितलं. तिला खोटं कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. मग ती आडाच्या काठावर बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, "बाबा, साखर आण म्हणावं कुणाला तरी. आन् ती भिंत आजच काढा. मी बघून जाईन."

मालक आणि सोपानराव रानातून आले तेव्हा ओसरीत धूळ उडत होती. मी माझ्या अंगानं पहार घातली होती आणि कुशानं तिच्या अंगानं. बाबारावांनी अंगरखा काढून ठेवला होता आणि माती भरून टाकत होते, कारण माणूस मनानं चांगला होता. दोघे भाऊ दारात उभे राहून बघत राहिले. कुणी आनंदानं रडेल म्हणून मी वाट बघितली. आमचे मालक सोपानरावांना म्हणाले, "आता चटणी रानात न्यायला नको." एवढंच.

संध्याकाळी पाहुणे गेले. साखर वाटून झाली होती, वैशाखातली तीथ धरली होती. कुशाच्या लेकीचं, सुमनचं लग्नही त्याच महिन्यात होतं. तिची वरात दारातून निघेल हे मी पंचांना विचारल्याशिवाय सगळ्या गावाला सांगून टाकलं. मग मी आडाच्या काठावर जाऊन बसले. कुशा तांबे विसळत होती. आभार मानायचे असतात हे मला माहीत होतं. पण माझ्या तोंडाला त्याची सवय नाही.

म्हणून मी विचारलं, "चालून आलेली मुलगी होती. श्रीमंतसाठी का नाही घेतलीस?"

तिनं तांब्या पालथा घातला.

"आक्का, म्हातारी बघितली न्हवं तुम्ही? ती तुम्हाला पुरून उरंल. आन् दत्तू शिंपी सांगत हुता, नात तिच्यावरच गेलीय. तोंडानं तिच्याबी वरची हाय." तिनं दुसरा तांब्या पालथा घातला. "मी म्हटलं, असली सून मला कशाला? मी साधी बाई. आक्कांनाच बरी."

ती अगदी गरीब तोंड करून घागर उचलून आत गेली. आजपर्यंत मला नक्की कळलेलं नाही, तिनं माझ्यासाठी ते केलं की माझ्यावर सूड घेतला. विचारलं तर म्हणते, दोन्ही.

वैशाखात शकू त्या दारातून आत आली. नाकीडोळी नीटस, टाळूवर खरंच केस विरळ, आणि तोंड मिटलेलं. मला वाटलं, कुशा फसली. पोर तर गाय आहे. चार दिवस "हो आत्याबाई", "बरं आत्याबाई" यापलीकडं शब्द नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती आडावर पाणी ओढत होती आणि मी ओसरीत बसून तांदूळ निवडत होते. भिंत होती तिथून आता सरळ आड दिसायचा. तिनं भरलेली घागर कंबरेवर घेतली, आणि सासूनं काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हटलं, "सूनबाई, आमच्या घरात घागर अशी धरत नाहीत."

शकूनं घागर सावरली, पदर सावरला आणि अगदी मायेनं म्हणाली, "तुमच्या घरात नऊ वर्षं आडच कुठं हुता, आत्याबाई? आता आलाय तर मी शिकवीन की तुम्हाला."

मी तोंड उघडलं. आत शब्द नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा.

आडाच्या पलीकडं कुशा माझ्याकडं पाठ करून उभी होती. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला आणि खांदे गदागदा हलत होते.

"हस, हस," मी म्हटलं. "हिला पाठची एक बहीण आहे. हिच्याहून दोन पावलं पुढं आहे म्हणतात. तुझ्या श्रीमंतसाठी मी स्वतः जाऊन आणते."

आणि पुढच्या वैशाखात आणलीच.